वल्ही, शीड आणि फासे

पटावर समुद्र पसरलाय. षटकोनी घरं, दोन जहाजं, बाजूला फासे. रोल-प्लेइंग गेमच्या, म्हणजे खेळाडू एखादं पात्र होऊन खेळतात त्या खेळांच्या, कितीतरी नियमावल्यांत जहाजाला वेगाचा एकच आकडा असतो. गलबत, सहा घरं. दिशा कुठलीही असो, वारा असो-नसो, सहाच घरं. अशा खेळात समुद्र उरतच नाही, उरतो फक्त निळा रस्ता.

आंग्र्यांचं आरमार पाहिलं की या आकड्यात काय हरवलं ते कळतं. अठराव्या शतकात कुलाबा-विजयदुर्गच्या किनाऱ्यावर त्यांची जहाजं मुख्यतः दोन प्रकारची होती. गुराब मोठी, १५० ते ३०० टनांची, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, पुढे रोखलेल्या तोफांची. गलबत लहान, क्वचितच ७० टनांपुढचं, पण ४०-५० वल्ह्यांचं. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं गलबताचा वल्ह्यांवरचा वेग लिहून ठेवलाय, ताशी चार मैल. किरकोळ वाटतो ना? पण वारा पडला, की शिडांवर विसंबलेलं व्यापारी जहाज जागच्या जागी अडकतं, आणि मग हेच चार मैल लढाई फिरवतात. गलबतं गुराबांना दोरानं ओढत त्या जहाजाच्या पिछाडीला नेत. त्याच्या दोन्ही कुशीतल्या तोफा तिथे निरुपयोगी ठरत.

म्हणून नियम लिहिताना वल्ही आणि शीड वेगळी ठेवायची. माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय.

वल्ह्यांची किंमत माणसांच्या दमात मोजावी. ग्रीसमध्ये १९८७ साली प्राचीन युद्धनौकेची प्रतिकृती पाण्यात उतरली, ऑलिंपियास. तीन मजल्यांवर १७० वल्हेकरी. एवढ्या हातांनीही ती ताशी नऊ सागरी मैलांच्या आसपास पोचली ती थोडा वेळच. कारण पाणी फार कठोर हिशेब करतं. चाल दुप्पट हवी, तर ताकद साधारण आठपट लागते. हे पटावर सरळ उतरवता येतं. सावकाश वल्हवलं तर फेरीला एक दम खर्च, दुप्पट चालीला आठ. आणि त्याच माणसांना पुढे शत्रूच्या जहाजावर चढायचं असेल, तर उरलेल्या दमावरच चढू द्या. पाठलाग किती ताणायचा, हा प्रश्न मग खेळाडूला खरोखर छळू लागतो.

शिडाला दम लागत नाही, वारा लागतो. षटकोनी घराला सहा दिशा, त्यामुळे काम सोपं. वाऱ्याच्या थेट तोंडावर वेग शून्य, त्याच्या शेजारच्या दोन दिशांना निम्मा. मागून तिरका वारा आला की पूर्ण. सरळ पाठीमागून आला तर थोडा कमी, कारण मागचं शीड पुढच्याचा वारा अडवतं.

आता कोकणचा वारा. पावसाळा सरल्यावर दिवसा खारे वारे समुद्रावरून येतात, रात्री मतलई वारे जमिनीवरून सुटतात. एक थांबून दुसरा सुरू होईपर्यंत मध्ये पडलेला वारा असतो. खेळाच्या वेळापत्रकात या पडलेल्या वाऱ्याच्या फेऱ्या आधीच मांडून ठेवा, सगळ्यांना दिसतील अशा. मोठ्या जहाजाचा नाखवा त्या फेऱ्यांआधी किनाऱ्यापासून दूर जायला धडपडेल, आणि गलबतवाला तोवर आपल्या वल्हेकऱ्यांचा दम जपून ठेवेल.