चुलीपासून दहा पावलं

(दृश्य: पहाट. त्र्यंबकेश्वरच्या पश्चिमेचा एक डोंगरउतार, अर्धा काळा, अर्धा पिवळा.)

माघ सरता सरता नाशिकच्या पश्चिमेचं गवत वाळून कुरकुरीत होतं. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, इगतपुरी. सागाच्या गळलेल्या पानांचा थर पायाखाली वाजायला लागतो, आणि तिथून पहिला पाऊस येईपर्यंत कुठला ना कुठला डोंगर रात्री लाल दिसतो. कुणी बांध जाळलेला असतो, कुणी मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवलेला असतो, कुणी विडी तशीच टाकलेली असते. वारा फिरला की जाळ चढणीला लागतो. खालच्या ज्वाळा वरचं गवत आधीच तापवून ठेवतात, म्हणून चढणीवर वणवा माणसापेक्षा वेगाने धावतो.

त्यातून सुटून घरी आलेल्या माणसाबद्दल बोलू या. वनमजूर, गुराखी, मोहाला गेलेल्या बाया, गडावर चढलेली पोरं. अंगावर फोड नाही, म्हणून गाव म्हणतं, "वाचला, देवाची कृपा." आणि चौथ्या रात्री तोच माणूस ओरडत उठून दाराकडे धावतो.

(दृश्य: माठ, त्यावर टेकलेले दोन तळहात.)

आधी छाती तपासून घ्या. धुराचा त्रास कधीकधी दीड-दोन दिवसांनीही वर येतो. आवाज बसला, थुंकी काळी आली, दम लागला, डोकं जड होऊन बोलणं असंबद्ध झालं, तर ती भीती समजू नका. १०८ ला फोन करा.

छाती ठीक असेल, तरी पहिले काही दिवस काळीज धडधडतं, भांडं पडलं तरी माणूस दचकतो, जेवण उतरत नाही. आग विझली हे शरीराला अजून पटलेलं नसतं. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत हळूहळू ओसरतं. तोवर लागतं ते साधंच: ओळखीचं माणूस जवळ, वेळेवर भाकरी, रात्री एकटं न झोपणं, जळालेल्या घराचं किंवा हरवलेल्या गुरांचं काय होणार याची खरी माहिती.

नेमकं इथेच आपलं गाव चुकतं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "सांग ना, कसं झालं?" मनात दबलं की वाईट, बोलून मोकळं करावं, असं सगळ्यांना वाटतं. पण पहिल्या दिवसांत खोदून खोदून विचारल्याने जखम भरते असं दिसलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा मानसिक प्रथमोपचारही हेच सांगतो: सांगायचं असेल तर ऐका, नसेल तर शेजारी बसा. मग पंचनामा येतो, आणि तलाठी, वनरक्षक, पत्रकार, नातेवाईक यांना तीच हकिकत दहा वेळा सांगावी लागते. यावर उपाय सोपा आहे. घरातल्या एकाने ती एकदाच कागदावर उतरवावी, त्या माणसाला वाचून दाखवावी आणि प्रती काढून ठेवाव्यात. पुढच्या माणसाच्या हातात कागद द्यायचा, राहिलं असेल तेवढंच विचारू द्यायचं. कॅमेऱ्यापुढे "नको" म्हणायचा हक्क आहेच.

आणखी दोन गोष्टी टाळा. मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी: या काळात शांत करणाऱ्या काही औषधांनी पुढचं बरं होणं लांबतं, म्हणून डॉक्टरांशिवाय नको. आणि दारू. तिने झोप लागते, पण पहाटे तुटते, आणि उरलेल्या झोपेत स्वप्नं अधिक धारदार होतात.

धडधड वाढली की चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. मात्र धुरात गुदमरलेल्या काहींना श्वासाकडे लक्ष नेलं की पुन्हा गुदमरतं. त्यांना श्वास मोजायला लावू नका. ओल्या माठावर दोन्ही तळहात टेकवा, त्याचा गारवा जाणवू द्या. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या: पाटा, सूप, कोयता, दोरी, उंबरा. मग ऐकू येणारे तीन आवाज. माठ आजचा आहे, आग परवाची होती, एवढं शरीराला कळायला हवं.

(दृश्य: चुलीत फुंकणी. धूर कौलांच्या फटीतून वर जाताना.)

शहरातला माणूस धूर टाळू शकतो. पाड्यावर धूर घरातच असतो. दोन वेळची चूल. फाल्गुनात शिमगा. थंडीची लाट आली की निफाडकडे द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्या. वासाचा मेंदूतल्या भीतीच्या केंद्राशी फार जवळचा संबंध असतो, त्यामुळे विचार सुचायच्या आत पाय पळायला लागतात. मग बाई चुलीपुढे बसणं सोडते, सून सगळा स्वयंपाक करते, घर सांभाळून घेतं. प्रेमाने केलेल्या या सोयीतच भीती मुरते. धूर आला, मी पळाले, म्हणून वाचले: प्रत्येक वेळी मन हाच धडा पक्का करतं.

म्हणून चुलीपर्यंत पायऱ्या पायऱ्यांनी परत जायचं. पहिले काही आठवडे उलटल्यावर, दिवसा, पोटात अन्न असताना. भीती आण्यांत मोजा, सोळा आणे म्हणजे सहन होण्याच्या शेवटाची. आधी गार राख हातात. मग न पेटवलेली काडी. मग एक उदबत्ती, अंगणात. मग दुसऱ्याने पेटवलेली चूल, दहा पावलांवरून, दार उघडं ठेवून. मग सहा पावलं, तीन पावलं. शेवटी स्वतःच्या हाताने काडी. सुरुवात चार-पाच आण्यांच्या पायरीने करा. तिथे बसून राहा, वीस मिनिटं, कधी चाळीस, भीती निम्म्यावर येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तीच पायरी. दोन आण्यांवर आली की पुढची.

बिघडतं कुठे? पहिली गोष्ट म्हणजे घाई: कुणीतरी हौसेने थेट होळीपुढे नेतं. कधी लाकूड ओलं निघतं आणि अचानक धुराचा लोट येतो, म्हणून सुकी काटकी, थोडीच. नाकाला पदर लावून बसलं तर मन म्हणतं, पदरामुळे वाचले. आणि भीती चढलेली असताना उठून गेलं तर जुनाच धडा पुन्हा गिरवला जातो. दमेकऱ्याने हे धुरासह करू नये. समोरचं माणूस हरवल्यासारखं बघायला लागलं, हाक ऐकेना, तर थांबा, माठाकडे या. त्याला हे घरी नको, तज्ज्ञासोबत हवं.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. दचकणाऱ्या माणसाला नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळून चुलीत टाकतात. भगताकडे जायचं तर जा, त्याच्या बोलण्याने धीर येतो हे खरं. पण मिरचीची धुरी नको, मार नको. त्या छातीने आणि त्या मनाने नुकताच एक वणवा सोसलाय.

(दृश्य: खुंट्याला तुटलेलं दावं.)

काहींना धुरापेक्षा दावं छळतं. "शेळी सोडायला हवी होती." त्यावर "जाऊ दे" म्हणू नका, ते कानाआडच जातं. जमिनीवर काडीने रेघा ओढा: तू इथे, गोठा तिथे, वारा असा, हातात किती वेळ होता. त्या क्षणी त्याला काय ठाऊक होतं आणि काय नंतर कळलं, हे वेगळं करा. पुष्कळदा उरलेला वेळ स्वतःच्या पायांना जेमतेम पुरण्याइतकाच निघतो, आणि ते त्याला स्वतःला मोजून दिसतं.

आश्रमशाळेतलं मूल अंथरूण ओलं करायला लागलं, तर ओरडा नको. त्याला दाराजवळची जागा द्या. मुलं आगीचा खेळ खेळतात, खेळू द्या. खेळात दर वेळी सगळं जळूनच संपत असेल, तर एक नदी आणून द्या.

महिना उलटूनही तीच स्वप्नं, तेच टाळणं, तोच दचका आणि कामधंदा थांबलेला, तर उपचार लागतो. आघातावर केंद्रित मानसोपचाराच्या साधारण आठ ते पंधरा बैठका होतात. गरज पडली तर डॉक्टर औषध देतात, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून दहा दिवसांत सोडू नका. टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, तिचा क्रमांक १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, रात्रंदिवस, मोफत, मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं, तर महिन्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन, आणि माणसाला एकटं सोडू नका.

(दृश्य: आषाढ. काळ्या उतारावर सागाच्या बुंध्यातून फुटलेली पानं.)

डोंगरावर परत जायचं असेल तर पावसानंतर. त्याआधी बुंधे आणि मुळं आतून धुमसत असू शकतात, पाय खचतो. पहिल्यांदा पायथ्यापर्यंतच, सोबत एक जण, पाणी, उजेड असेपर्यंत घरी. पुढचा फाल्गुन जवळ आला की भीती पुन्हा वर येईल, ते आधीच घरात सांगून ठेवा. होळीला वारा जिकडून येतो त्या अंगाला उभं राहायचं, घराकडची वाट मोकळी ठेवून, आणि सोबत कोण थांबणार हे आदल्या दिवशीच ठरवून.