पडदा, परदे, तेरे

बेळगावचा खडेबाजार. कापडाच्या दुकानात दोन बायका एकाच ताग्यावर हात फिरवताहेत. एक मराठीत विचारते, "पडद्याला किती लागंल हो?" दुसरी कानडीत बोलते, तिचा शब्द 'परदे'. दुकानदार दोघींना आपापल्या भाषेत उत्तर देतो. हातातली मीटरपट्टी थांबत नाही.

शब्द दोघींचा एकच, फारसीतला 'पर्दा'. त्याचा 'र' कानडीनं जपला, मराठीनं त्याचा 'ड' केला.

फारसीत पर्दा फक्त दारावर लोंबत नाही. कानातली पातळ त्वचा म्हणजे पर्दा, वाद्यावर सुराची जागा ठरवणारा तोही पर्दा. म्हणून आपल्याकडे कानाला पडदा असतो आणि सतारीलाही. 'पडदानशीन'मधलं 'नशीन' म्हणजे बसलेली. तो शब्द अख्खाच आला. पण मराठीनं नुसतं उसनं घेतलं नाही. पुढं आपला 'आड' जोडला आणि 'आडपडदा' घडवला. मला हा शब्द फार आवडतो. मोकळ्या मनाच्या माणसाचं याहून चांगलं वर्णन नाही: त्याच्या बोलण्यात आडपडदा नसतो.

फारसीच्या आधी काय होतं? संस्कृत 'पट', म्हणजे कापड. वधूवरांमध्ये धरतात त्या अंतरपाटात तो अजून आहे. रंगमंचावरची 'यवनिका'ही संस्कृतच. तिचं नातं यवनांशी, म्हणजे ग्रीकांशी आहे का, यावर पंडितांचं एकमत नाही. 'जवनिका' असंही रूप सापडतं. मराठी संगीत नाटकाचा पडदा १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतला'नं वर गेला. ते रचणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे.

कानडीचा स्वतःचा शब्द मात्र 'तेरे'. तेरे म्हणजे पडदा, आणि तेरे म्हणजे पाण्यावरची लाट. तमिळमध्येही 'तिरै' असाच दुहेरी. कापडाला चुण्या घालून टांगणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सीमेवर राहून आपण हा शब्द रोज ऐकतो. त्याच्यातली लाट ऐकायला हवी.

बेळगावच्याच शहापुरातला मंडप. गणपतीच्या पाठीमागं जांभळा पडदा चढतोय. शिडीवरचा पोरगा खाली हाक मारतो, "ओढ की रे जरा!" दोरी ताणली जाते, आणि वरपासून खालपर्यंत कापडातून एक तेरे सरकत जाते.