पिल्लू नेलं कुणी?

हे पीस बघा. जरा जवळ धरतो. खालच्या टोकापर्यंत शाबूत आहे ना? आणि हे दुसरं मधेच तुटलंय, कातरीनं कापल्यासारखं. पहिलं शिकारी पक्ष्यानं उपटलेलं, दुसरं दातांनी तोडलेलं, म्हणजे काम सस्तन प्राण्याचं.

पण ही पिसं मोठ्या पक्ष्यांची. पाणथळीतल्या कोवळ्या पिल्लाच्या अंगावर असते नुसती लव, आणि बगळा किंवा कुरव त्याला अख्खं गिळतो. मागे पुरावा शून्य.

मग घरट्यावर कॅमेरा लावायचा? अंडी असेपर्यंत उत्तम. टिटवी, शेकाट्या यांची पिल्लं मात्र जन्मल्यावर दिवसभरातच घरटं सोडून चालू लागतात. कॅमेरा रिकाम्या खळग्याकडे बघत बसतो. म्हणून पिल्लाला इवलासा रेडिओ टॅग लावतात, म्हणजे त्याच्या संदेशावरून ते कुठे आहे हे शोधता येतं. टॅग बिळात सापडला, तर संशय बिळाच्या मालकावर. संशयच बरं का! थंडीनं मेलेलं पिल्लू उचलून नेणारेही असतात. शव हाती लागलं, तर कातडीखाली बघतात: दातांच्या खुणांभोवती रक्त साकळलं असेल, तर चावा जिवंतपणीच बसला. दोन सुळ्यांमधलं अंतर मोजलं की प्राणी केवढा, हेही कळतं.

कावळ्याला सगळेच शिव्या घालतात, कारण तो दिवसाढवळ्या दिसतो. अंड्यांखाली छोटा तापमापक ठेवला तर वेगळंच समोर येऊ शकतं. मध्यरात्री तापमान घसरलं आणि परत चढलंच नाही, तर तेव्हा कावळा झोपलेला होता. कोल्हा, मांजर, असं कुणीतरी येऊन गेलंय.

आता न्यूझीलंड. तिथल्या काळ्या शेकाट्याला माओरी भाषेत म्हणतात काकी (हो, काकीच!). 1981 मध्ये हे पक्षी उरले होते फक्त 23. धरणांनी अधिवास घटला हे एक कारण, पण पिल्लांवर टपलेली रानमांजरं, स्टोट, फेरेट (दोन्ही लांबट अंगाचे छोटे शिकारी प्राणी) यांचाही त्यात मोठा हात. माणूस येण्याआधी त्या देशात जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं, त्यामुळे रात्री वास काढत येणाऱ्या शत्रूची या पक्ष्यांना सवयच नव्हती.

असे चोर ओळखायला तिथे बोगदे ठेवतात. अरुंद पेटी, दोन्ही तोंडं उघडी, मधे आमिष आणि शाईची पट्टी, दोन्हीकडे पांढरा कागद. प्राणी आरपार गेला की पावलं छापली जातात. कागदावर फेरेटचे ठसे आले, तर त्याचा माग थेट 1880च्या दशकात जातो. सशांचा उपद्रव आवरायला माणसांनीच ते मुद्दाम आणून सोडले होते.