पोळ्याचा साज आणि तोनेगावांचा उंदीर

श्रोतेहो, नमस्कार.

२०२२च्या पावसाळ्यात लम्पीनं आपले गोठे गाठले आणि बैलबाजार बंद झाले, तेव्हाची गोष्ट. जिंतूर रस्त्याला आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांच्या लाल कंधारी गाईला नुकतीच गोट पॉक्सची लस टोचली होती. शेळीची लस गाईला कशी चालते, तर दोन्ही विषाणू भाऊबंद, एवढं मी सांगितलं. नानांचं समाधान होईना. "ते झालं, सर. पण उद्या एखादा नवाच रोग आला, गाईच्या आजीनंबी ज्याचं तोंड पाहिलं नाही, तर तिच्या रक्ताला त्याचं हत्यार सुचतं कुठून?"

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण नानांचा प्रश्न कोण्या पोरानं मला विचारला नव्हता. जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी मात्र त्यापायी डोकी फोडली होती. शरीर लाखो तऱ्हेची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, बनवतं. प्रत्येक प्रथिनाला जनुक लागतं. आणि माणसाकडं प्रथिनांची जनुकं आहेत सगळी मिळून वीस हजारांच्या आसपास! मग हिशेब जमायचा कसा?

तो जमवला सुसुमु तोनेगावांनी. जन्म १९३९चा, जपानमधल्या नागोयाचा. तारीख ५ सप्टेंबर, म्हणजे आपला शिक्षक दिन. क्योतोला रसायनशास्त्र, पुढं अमेरिकेत रेणूजीवशास्त्राची डॉक्टरेट. १९७०च्या अखेरीस व्हिसा संपत आला, देश सोडणं भाग होतं. ज्यांच्या हाताखाली ते काम करत होते त्या रेनातो दुल्बेको यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथली नवी संस्था सुचवली. ती होती प्रतिकारशास्त्राची, आणि या गड्याला त्यातलं फारसं काही येत नव्हतं. मला तर वाटतं, तेच पथ्यावर पडलं.

१९७६ साली नोबुमिची होझुमी यांच्यासोबत केलेला त्यांचा प्रयोग जरा जवळून पाहू. एकीकडं उंदराच्या गर्भाचा डीएनए, दुसरीकडं उंदराच्याच, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या गाठीतला डीएनए. दोन्ही एकाच एन्झाइमनं कापले, जेलमध्ये विजेवर पळवले, म्हणजे लहान तुकडे पुढं आणि मोठे मागं राहतात. मग खरवसाच्या वड्या पाडाव्यात तसे त्या जेलचे काप केले आणि कोणत्या कापात प्रतिपिंडाचं जनुक आहे ते किरणोत्सारी खूण लावून शोधलं. प्रतिपिंडाच्या साखळीचा एक भाग बदलता असतो, एक स्थिर. गर्भात या दोन भागांची जनुकं निरनिराळ्या कापांत सापडली. गाठीतल्या पेशीत दोन्ही एकाच कापात!

म्हणजे डीएनएच जागचा हलला होता. आणि मी? "शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनए तोच" असं वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. अपवाद सांगितलाच नाही.

नानांना मी पोळ्यावरून समजावलं. समजा घरात चाळीस झुली आहेत, तेवीस घुंगरमाळा आणि सहा बाशिंगं. प्रत्येक बैलाला एकेक चढवायचं. किती तऱ्हांनी बैल सजतील? पाच हजार पाचशे वीस! प्रतिपिंडात प्रथिनाच्या दोन तऱ्हेच्या साखळ्या असतात, एक जड, एक हलकी. माणसात जड साखळीच्या जनुकाचे तुकडे साधारण याच हिशेबात असतात, आणि प्रतिपिंड बनवणारी प्रत्येक पेशी त्यातला एकेक निवडून जोडते. तिला हलक्या साखळीची जोड दिली की आकडा पंधरा लाखांच्या पुढं जातो. त्यात सांधे जोडताना पेशी मुद्दाम ढिसाळपणा करते, चार अक्षरं गाळते, चार घुसडते. मग मोजदाद कोटींच्याही पार जाते. फरक एवढाच, की पोळा झाला की आपण साज पेटीत ठेवतो. ही पेशी निवडलेल्या तुकड्यांच्या मधला डीएनए कापून टाकते, तो परत येत नाही.

१९८७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तोनेगावांना एकट्याला मिळालं. पुढं त्यांनी हा विषयच सोडला आणि उंदराच्या मेंदूत आठवण कुठं साठते ते शोधायला बसले. पण ती गोष्ट पुन्हा कधी.

नाना बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "म्हणजे रोग यायच्या आधीच सगळे बैल सजून उभे?"

"हो. ज्याचा साज रोगाशी जुळला, त्या एकाची मग खिल्लारं होतात."

"आन् ज्याचा कधी जुळलाच नाही, तो?"

"मरतो बिचारा, थोड्याच दिवसांत. मग दुसरा सजतो."

नानांनी गाईच्या मानेवर लस टोचल्याची जागा चाचपली, आणि वैरण टाकायला उठले.