सकाळची गोळी पहाटेपर्यंत पुरते का?

मंडळी, "डॉक्टर, बीपीची सगळ्यात चांगली गोळी कोणती?" असं मला रोज कुणीतरी विचारतं. मी त्यांना उलट विचारतो, तुमची गोळी किती तास टिकते?

बीपी दिवसभर एकसारखं नसतं. झोपेत ते साधारण १० ते २० टक्के उतरतं आणि पहाटे, जाग येण्याच्या सुमारास, झपाट्यानं चढतं. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण सकाळच्या पहिल्या काही तासांत जास्त असतं. सकाळी आठला गोळी घेणाऱ्याच्या अंगात कालच्या गोळीचा जोर नेमका त्याच वेळी सगळ्यात कमी असतो.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात. लोसार्टन ५० ची एक गोळी, नाश्त्यानंतर. अकराच्या सुमाराला दवाखान्यात बीपी मोजलं की १२८/८०. तक्रार काहीच नाही. मी त्यांना घरच्या मशीनवर सकाळी उठल्यावर, गोळी घ्यायच्या आधी मोजायला सांगितलं. आठवड्यानं वही घेऊन आले. वरचे आकडे १५४, १५८, १५२. म्हणजे अकराचं बीपी खरंच होतं, पण ते गोळी ऐन भरात असतानाचं होतं.

लोसार्टन वाईट औषध आहे असं अजिबात नाही. पण रक्तातलं त्याचं प्रमाण दोनेक तासांत निम्मं होतं, आणि शरीरात त्यापासून जे प्रभावी द्रव्य तयार होतं तेही सहा ते नऊ तासांत निम्म्यावर येतं. टेल्मिसार्टन त्याच गटातलं, त्याला निम्मं व्हायला सुमारे २४ तास लागतात. अॅम्लोडिपिनला तर ३० ते ५० तास! म्हणूनच प्रवासात एखादी गोळी चुकली तरी अॅम्लोडिपिन घेणाऱ्याचं बीपी लगेच उसळत नाही. आपल्याकडे गोळ्या चुकतात, हे धरूनच औषध निवडावं असं माझं ठाम मत आहे. या शिक्षकांना टेल्मिसार्टनवर आणलं, आता पहाटेचा वरचा आकडा १३० च्या आसपास असतो.

लघवीवाटे मीठ-पाणी काढणाऱ्या गोळ्यांत क्लोरथॅलिडोन हे हायड्रोक्लोरोथायाझाइडपेक्षा रात्री जास्त टिकतं. मात्र २०२२ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत हार्ट अटॅक, पक्षाघात टाळण्यात दोन्ही सारखीच ठरली, आणि क्लोरथॅलिडोनवर पोटॅशियम जास्त जणांचं उतरलं. ते घेणाऱ्यांनी रक्त तपासत राहावं.

मग गोळी रात्री घ्यावी का? ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर ही चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आला. सकाळी घ्या की रात्री, फरक पडला नाही. तुम्हाला जी वेळ नक्की आठवते, ती तुमची वेळ.

अॅम्लोडिपिनबद्दल एक सांगायलाच हवं. घोट्यावर सूज येते, मोजा काढला की वळ दिसतो, आणि लोक कुणाला न सांगता गोळी बंद करतात. कृपा करून तसं करू नका, डॉक्टरांना पाय दाखवा. ही सूज मात्रेप्रमाणे वाढते. १० ची मात्रा ५ वर आणून जोडीला टेल्मिसार्टन दिलं, तर पुष्कळांची सूज उतरते आणि बीपीही ताब्यात राहतं.