उरलेलं आणि उरवलेलं

नमस्कार.

स्वयंपाकावर व्याख्यान म्हटलं की लोकांना वाटतं, आता शेगडी मांडणार, फोडणीचा खमंग वास सुटणार. आज तसलं काही नाही. मी येताना एक रिकामा डबा तेवढा आणलाय. हा बघा. काचेचा, पसरट, जेमतेम चार बोटं उंच. त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी दोन क्रियापदं घेऊ. आपल्याकडे ‘उरणं’ आहे आणि ‘उरवणं’ही आहे. उरतं ते हातून निसटलेलं असतं. अंदाज चुकला, कोणी बाहेरून खाऊन आलं, भाजी खारट झाली म्हणून सगळ्यांनी ताटाच्या कडेला सारली. उरवतो ते ठरवून. थोड्या पैशांत घरादाराला पोटभर जेवू घालणारी जी माणसं मी पाहिली, त्यांच्यात ही एक गोष्ट मला सारखी दिसली. रात्री ओटा आवरताना ‘आता याचं काय करू’ असं म्हणत ती उभी राहत नाहीत. तो प्रश्न त्यांनी आदल्या दिवशी कडधान्य भिजत घालतानाच सोडवलेला असतो.

कसा, ते कडधान्यावरच सांगते.

दोन वाट्या कोरडं कडधान्य भिजवून शिजवलं की साधारण पाच वाट्या होतं. तांदळाची एक वाटी शिजून तीन वाट्या होते. पाण्याची ही करामत फुकटची आहे आणि स्वस्त जेवणाचा निम्मा पाया तिच्यावर उभा आहे. पण आपण काय करतो? पाचही वाट्या एकदम कढईत लोटतो. कांदा, टोमॅटो, तिखट, मसाला, सगळं घालून मोकळे होतो. त्या रात्री छान लागतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर घरातल्यांचे चेहरे बघवत नाहीत.

मसाला पडला की पदार्थाचं नाव ठरतं, आणि नाव ठरलं की त्याला उद्या दुसरं काही होता येत नाही. म्हणून मी पाच वाट्यांतल्या तीन नुसत्या मिठाच्या ठेवते. शिजवलेलं पाणीही टाकत नाही. आजच्या दोन वाट्यांची रसभाजी. उद्या दीड वाटी हाताने चेचायची, त्यात उकडलेला बटाटा आणि शिळ्या पावाचा चुरा मिसळायचा आणि तव्यावर कमी तेलात टिक्क्या भाजायच्या. परवा राहिलेलं घोटून, त्या साठवलेल्या पाण्यात कोबीचा दांडा बारीक चिरून घालायचा, की सूप. तीन दिवस, गॅसवरचा मोठा खर्च एकदाच. आणि जेवणाऱ्याला आपण एकच गोष्ट तीनदा खाल्ली याचा पत्ताही लागत नाही. बटाटे उकडताना हेच करा, कोंबडी शिजवताना हेच करा. निम्मं ‘अर्ध्यावर’ ठेवा.

आता शिजवण्याविषयी थोडं, कारण पैसे तिथेही जातात. भिजवताना पाण्यात मीठ घातलेलं चालतं. मिठाने कडधान्य कडक राहतं ही समजूत खोटी आहे, उलट साल मऊ पडायला मदत होते. कडक ठेवतं ते आंबट. टोमॅटो, लिंबू, चिंच, जे काही आंबट असेल ते दाणा बोटांत चेपला गेल्यावरच घाला, आधी नाही.

आणि एकदा उकळी फुटली की आच कमी करा. उघड्या पातेल्यातलं पाणी साधारण शंभर अंशांना उकळतं. त्यानंतर तुम्ही गॅस कितीही मोठा केलात तरी पाणी त्याहून तापत नाही, फक्त जास्त वाफ होऊन उडून जातं. खळखळ आवाज येतो म्हणून आपल्याला वाटतं, भराभर शिजतंय. बेंजामिन थॉम्प्सन, ज्याला काउंट रमफर्ड म्हणून ओळखतात, त्याने हे अठराव्या शतकाच्या शेवटी बजावून सांगितलं होतं. शिजवते ती उष्णता, बुडबुडे नव्हेत. हा गृहस्थ मुळात अमेरिकेतला, नोकरी जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राजदरबारी. १७९० मध्ये त्याने म्युनिकमध्ये भिकाऱ्यांसाठी काम देणारं घर उघडलं आणि कमीत कमी पैशांत शेकडो माणसांना जेवू घालायचं कसं, याच्या मागे लागला. त्याचं सूप बार्लीचं, वाटाण्याचं, बटाट्याचं, वर व्हिनेगरचा आंबटपणा. आणि त्यात शिळ्या पावाचे तुकडे.

इथे जरा थांबते, कारण त्या पावासाठी मी रमफर्डला शंभर गुन्हे माफ करते. पाव सुपात उकळायचा नाही, असं तो सांगतो. अगदी वाढताना वरून घालायचा, कडकच. का? कडक तुकडा चावावा लागतो. चावावा लागला की जेवण लांबतं आणि खाण्याचा आनंदही लांबतो. गरिबाला किती ग्रॅम मिळतं एवढंच त्याने मोजलं नाही, त्याला जेवताना मजा येते का, हेही पाहिलं. काटकसरीच्या स्वयंपाकात हा विचार फार कमी लोक करतात. हं, त्याच सुपाबद्दल त्याची एक समजूत साफ चुकीची होती. नीट शिजवलं की पाणीच पोषक अन्न बनतं, असं त्याला वाटायचं. तसं काही होत नाही. पाणी घालून वाढवलेलं खाल्लं की पोट भरल्यासारखं वाटतं आणि दोन तासांनी मुलं परत स्वयंपाकघरात येतात.

मंद आचेला एक अपवाद आहे. राजमा. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच दाणेसुद्धा उलट्या-जुलाबाला पुरतात. भिजवलेलं पाणी ओतून द्या, नवं पाणी घ्या, आणि पहिली दहा मिनिटं खरोखर खळखळ उकळा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा तसाच टाकून कामावर जाऊ नका. त्या भांड्यातलं तापमान विष मारायला कमी पडतं. तेव्हा रमफर्डचं ऐकायचं ते दहा मिनिटांनंतर. कुकर वापरत असाल तर ही चिंता नाही, आत पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास जातं.

कुकरचा विषय निघालाच आहे तर सांगते. त्याचा पूर्वज जन्मला तोच मुळी टाकाऊतून खाऊ काढायला. देनी पापँ हा फ्रेंच माणूस. त्याने १६७९ मध्ये लंडनला घट्ट झाकणाचं भांडं करून दाखवलं, ते हाडं मऊ करण्यासाठी. १६८२ मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेतल्या मंडळींना त्याने त्यातलं जेवण वाढलं. तिथे जेवलेल्या एकाने रोजनिशीत लिहून ठेवलंय की गाईबैलांची कठीण हाडं चीजसारखी मऊ झाली होती. आपण शिट्ट्या मोजतो, त्या भांड्याचा उगम फेकून द्यायच्या हाडांत आहे.

आता हा डबा.

एकदा मी मोठ्या पातेलीभर भात केला. ठरवूनच जास्त केला, म्हणजे तोवर माझं बरोबर होतं. जेवणं झाली, पातेलीवर झाकण ठेवलं आणि सकाळपर्यंत ती ओट्यावर तशीच. सकाळी वास घेतला, चांगला होता. चव घेतली, चांगली होती. कांद्यावर परतला, चरचरीत गरम करून तिघांनी खाल्ला. तीन तासांत आम्ही तिघेही न्हाणीघराच्या दाराशी. कोण आधी जाणार, यावरून भांडत.

झालं होतं असं. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, बॅसिलस सीरियस त्याचं नाव. शिजवून ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष सोडतात. ते विष तुमच्या कढईतल्या आचेला दाद देत नाही. म्हणजे परत गरम केलं की झालं, हा आपला जो भरवसा आहे, तो इथे कामाचा नाही. वासावरही जाऊ नका. अन्न आंबवणारे, बुरशी आणणारे जीव वेगळे. ते निदान वर्दी देऊन येतात.

पाच ते साठ अंश, या पट्ट्यात अन्न जितका कमी वेळ राहील तितकं बरं. दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. पण खोल पातेली तशीच आत ठेवली तर मधला भाग कित्येक तास ऊबदार राहतो. म्हणून पसरट डबा. दोन बोटं थर पसरायचा, वाफ जाऊ द्यायची, झाकण लावून आत. फ्रीज चार अंशांच्या आसपास हवा. भात दुसऱ्या दिवशीच संपवा, बाकीचं तीन-चार दिवसांत. परत तापवताना कडेला नव्हे, मधोमध वाफ आली पाहिजे, आणि ते एकदाच. आज एक वाटी हवी तर एक वाटीच काढून तापवा. काच एवढ्यासाठी की आतलं दिसतं. जे दिसत नाही ते खाल्लं जात नाही, अपारदर्शक डबे म्हणजे फ्रीजमधली दफनभूमी. झाकणावर कागदी पट्टी चिकटवून तारीख टाकते. पदार्थाचं नाव टाकत नाही, ते अजून ठरायचं असतं ना.

असा नीट गार झालेला भात परतायला ताज्यापेक्षा चांगला. शिजताना फुगलेला स्टार्च गार झाला की पुन्हा आवळतो, दाणा घट्ट होतो, सुटा होतो. ताजा भात परतला की लगदा. तोच स्टार्च पावाचं मात्र वाटोळं करतो, आणि सगळ्यात वेगाने करतो तो फ्रीजच्या थंडीत. पाव फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर ठेवा, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये, तुकडे करून. वातड झालेल्या पावाला पाण्याचा हात लावून तापवला तर तो थोडा वेळ पुन्हा मऊ होतो. थोडाच वेळ, तेव्हा माणसं पानावर बसल्यावरच तापवा.

शिळ्याला चव आणायला महाग काही लागत नाही. बहुतेक वेळा दोनच गोष्टी गेलेल्या असतात, आंबटपणाची धार आणि कुरकुरीतपणा. शेवटी लिंबू पिळा, वर काहीतरी कुरकुरीत टाका. तळलेला कांदा, भाजलेले दाणे, पावाचा चुरा. पुरे. उरलेल्या बटाट्यावर साय, चीज, बदाम घालून त्याचं सोनं करायच्या पाककृती हल्ली फार दिसतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तो पदार्थ छान होत असेल, पण त्याला काटकसर म्हणू नका. आणि प्रत्येक साल, प्रत्येक देठ वाचवलाच पाहिजे असंही नाही. हिरवट पडलेला, मोड आलेला बटाटा कडू आणि घातक असतो, तो खुशाल टाका.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घराघरांतून, माणशी वर्षाला ७९ किलो. यात सालं-हाडंही धरली आहेत, तरी रोजचा हिशोब दोनशे ग्रॅमच्या वर जातो. हॉटेलं आणि लग्नं यांच्या नावाने आपण बोटं मोडतो, म्हणून हा आकडा सांगितला.

प्रश्न आलेत. एकीने लिहिलंय, ‘घरी शिळं म्हटलं की नाक मुरडतात.’ मग म्हणू नका. माझा मुलगा लहानपणी रोज विचारायचा, आज ताजं आहे ना? मी म्हणायचे, टिक्क्या आत्ता भाजल्यात, हात लावून बघ. खोटं नव्हतं ते.

दुसरी चिठ्ठी एका गृहस्थांची आहे. ‘सगळं अंदाजाने करूनही रोज एक चमचा भाजी उरतेच. तिच्यासाठी डबा काढायचा, तारीख घालायची, की काय करायचं?’

काही करू नका हो. पातेलं घासायला टाकण्याआधी ओट्याशी उभ्याउभ्या खाऊन टाका. मी तेच करते.