घडवलं की घडवत होता?

व्हॅटिकन संग्रहालयातला हा दोन कानांचा कुंभ अडीच हजार वर्षांहून जुना आहे. ट्रॉयच्या युद्धातले ग्रीक वीर अकिलीस आणि एजॅक्स सोंगट्यांच्या पटावर वाकलेत, भाले खांद्याला टेकलेत. त्यांच्या तोंडासमोरची ही बारीक अक्षरं बघा. आपलं दान सांगत अकिलीस म्हणतोय 'चार', एजॅक्स म्हणतोय 'तीन'. बहुतेक लोक एवढं पाहून पुढं सरकतात. आपण काठाकडे जाऊ. तिथं कुंभ स्वतः बोलतो: 'एक्सेकियासनं मला रंगवलं आणि घडवलं.'

यातलं 'घडवलं' म्हणजे ग्रीक क्रियापद एपोइएसेन. धातू पोइएओ, म्हणजे करणं, घडवणं. सुरुवातीचा 'ए' ही भूतकाळाची खूण. संस्कृतातल्या 'अकरोत्', 'अगच्छत्' यांच्या आरंभीचा 'अ' याचाच सख्खा भाऊ. कर्ता शेवटच्या प्रत्ययात सामावलेला, त्यासाठी वेगळं सर्वनाम लागत नाही. आणि मधला 'स'? तो क्रिया पुरी झाल्याचं सांगतो. व्याकरणात या रूपाला ओरिस्ट म्हणतात. कुंभ भट्टीतून निघाला, काम झालं, खाली नाव घातलं.

आता नेपल्सला या. हा फार्नेसी हर्क्युलीसचा पुतळा, तीन मीटरांहून उंच, दमून सोट्यावर रेललेला. सोट्याखालच्या खडकावर कोरलंय: 'अथेन्सचा ग्लिकॉन एपोइएइ.' 'स' गेला. आता अर्थ होतो, घडवत होता.

इसवी सन ७७ च्या सुमारास रोमन लेखक प्लिनीनं याचं कारण दिलंय. थोर कलावंत मुद्दाम अपुरा काळ वापरत. कुणी दोष काढलाच, तर हात अजून फिरवायचा होता असं म्हणायला जागा राहावी. पुऱ्या काळात सही केलेल्या कलाकृती तीनच असाव्यात, असंही तो म्हणतो. हे काही पटत नाही. अथेन्सच्या कुंभारांनी 'घडवलं' असं सर्रास लिहिलंय, जुन्या पुतळ्यांच्या चौथऱ्यांवरही तेच आहे. अपुरं रूप वाढलं ते पुढच्या शतकांत. त्या कुंभारांचा ठाम 'स' मला फार मोलाचा वाटतो. 'घडवलं' म्हणणारा चाकावर बसलेला कारागीर की कारखान्याचा मालक, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

प्लिनीचं म्हणणं मात्र टिकलं. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमधली ही 'पिएता', म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेली मेरी. मेरीच्या छातीवरच्या पट्ट्यावर, १५ वं शतक सरता सरता, मायकेलअँजेलोनं नावापुढं लॅटिनमधलं अपुरं रूपच कोरलं. त्यानं सही केलेली ही एकमेव मूर्ती.